नव्या गुरुजींची साक्ष नोंदवून घेणार कोण?

दर वर्षी जून महिन्यात, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर, आपल्या शाळांतून काही नवे चेहरे दाखल होतात. हातात नेमणुकीचा कागद, खांद्याला पिशवी आणि डोक्यात पदविकेसाठी घोकलेली अध्यापनाची सूत्रे एवढ्या भांडवलावर ही तरुण मुले-मुली एखाद्या वाडीवर, पाड्यावर किंवा आडगावी उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी घंटा होताच तीस-चाळीस मुलांपुढे एकटी उभी केली जातात. त्यानंतरच्या वर्षभरात त्यांच्यावर काय प्रसंग गुदरतात, ती काय पाहतात, कशाने हादरतात आणि कोणत्या क्षणी गप्प बसावयास शिकतात, याची विचारपूस करण्याची गरज सरकारला भासत नाही, संस्थाचालकांना भासत नाही, आणि मुलांच्या भवितव्याची उठता-बसता चिंता वाहणाऱ्या आम्हां-तुम्हांलाही भासत नाही. 'नवा आहे, शिकेल हळूहळू' एवढ्या चार शब्दांत त्यांची बोळवण होते.

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. नव्या शिक्षकाने पहिल्या वर्षी शिकावयाचे असते हे खरेच. परंतु त्या वर्षात तो आपल्याला जे शिकवू शकतो ते त्याहून मोलाचे असते. शाळेतील दैन्य त्याच्या डोळ्यांच्या अजून सवयीचे झालेले नसते. वीस वर्षे त्याच खुर्चीवर बसलेल्यास जे दिसेनासे झालेले असते, ते याला पहिल्या आठवड्यात खुपते. आपल्या शाळांविषयीची सर्वांत खरी साक्ष त्याच्यापाशी असते. ही साक्ष आपण दर वर्षी वाया घालवितो. आणि नुसती वाया घालवीत नाही, तर ती उच्चारलीच जाऊ नये अशी पद्धतशीर व्यवस्था आपण उभी केली आहे, असा आमचा आरोप आहे.

प्रथम त्याच्या तयारीचेच पाहू. आमच्या अध्यापक विद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या हर्बार्टच्या नावाने पंचपदी चालली. हर्बार्ट १८४१ साली निवर्तला, पाच पायऱ्यांचा साचा तर त्याच्या शिष्यांनी घडविला. पण आमच्या भावी गुरुजींनी प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन असे जप केल्याखेरीज त्यांस पदविकेचे दर्शन होत नसे. पुढे ज्ञानरचनावादाचे वारे आले, पाठाच्या टाचणातील रकाने बदलले, रकान्यांची नावेही भारदस्त झाली. बदलले नाही ते सरावपाठाचे नाटक. एखाद्या बऱ्या शाळेचा एक वर्ग तासापुरता उसना मागून घ्यावयाचा. वर्गशिक्षकाने बाहेर जाताना मुलांना डोळ्यांनी दटावून ठेवावयाचे. भिंतीला रंगीत तक्ते टांगावयाचे. मागच्या बाकावर मार्गदर्शक प्राध्यापक निरीक्षणवही उघडून बसलेले. मुलांनाही हा खेळ पाठ झालेला असतो. 'आज आपण कशाचा अभ्यास करणार बरे?' असा प्रश्न आला की ती एका सुरात पाठाचे नाव सांगून मोकळी होतात. पस्तीस मिनिटांत टाळ्या, सही आणि गुण! २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले, त्यांपैकी वीस आठवडे शाळेत काढण्याचे बंधन आले. कागदावर ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला आणि त्याला २०१२ मध्ये अध्यापक शिक्षणाच्या साऱ्या डोलाऱ्याचीच झडती घ्यावी लागली, हे ज्यांस आठवते, त्यांनी कागदावर किती विश्वास ठेवावा?

अशा तयारीनिशी हा तरुण शाळेत येतो आणि त्याला पहिला साक्षात्कार होतो तो असा की, ज्या 'वर्गा'साठी त्याने टाचणे काढली तो वर्ग मुळी अस्तित्वातच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले आहेत. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता! त्या दोहोंपैकी जो ज्येष्ठ तो मुख्याध्यापकाचा कारभार पाहतो. पोषण आहाराचा तांदूळ दर मुलामागे शंभर ग्रॅम या हिशेबाने मोजून देणे, भाजी-डाळीच्या नोंदी, आधार क्रमांकांची जुळणी, 'सरल'वर माहिती भरणे, केंद्रावरील सभा, पंचायत समितीतील हेलपाटे, या गोष्टींतून तो बापडा वर्गात येणार कधी? तेव्हा पाचही इयत्ता नव्याच्या गळ्यात. पहिलीला अक्षरे गिरवावयास द्यावी, तिसरीला वजाबाकी घालावी, तोवर पाचवीत दोघांची जुंपलेली असते. ती सोडवावी तो पहिलीतले एक पोर आईकडे जायचे म्हणून दाराशी रडत असते. टाचणवहीत यासाठी रकाना नाही. या गोंधळात निवडणूक आली की मतदारयाद्या आहेतच. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकाला सांगू नयेत असे म्हटले आहे. परंतु निवडणूक हा अपवाद एवढा पोसला गेला आहे की नियमच त्याच्या वळचणीला येऊन बसला.

वर्गात तो काय पाहतो? पाचवीतील एक मुलगा धडा घडाघडा म्हणून दाखवितो. नवे गुरुजी खूष होतात. चार दिवसांनी त्यांच्या ध्यानात येते की त्याचे बोट एका ओळीवर आहे आणि तोंड दुसऱ्याच. पोराने थोरल्या भावाकडून ऐकून धडा पाठ केला आहे. वाचता त्याला एक शब्द येत नाही. २००५ पासून निघत आलेल्या 'असर'च्या पाहण्या हेच सांगत आल्या आहेत. २०२४ च्या पाहणीतही ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून किंचित अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता आला नाही. परंतु पाहणीतला आकडा निराळा आणि समोर बसलेले, आपल्याला वाचता येत नाही हे लपविण्यासाठी एवढी बुद्धी खर्च करणारे मूल निराळे. नवा शिक्षक त्या मुलाला नावाने ओळखतो. तो मुख्याध्यापकांना जाऊन सांगतो. उत्तर काय मिळते? 'हे तुम्हांला आज कळले?' या उत्तरात सारे आले. म्हणजे ते सर्वांना ठाऊक होते! २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम निघाला. शाळांमागून शाळा 'प्रगत' म्हणून घोषित होऊ लागल्या. त्यामुळे काही शाळांतून खरोखरच कामाला गती आली, हे आम्ही नाकारीत नाही. पण एकदा दारावर 'प्रगत' अशी पाटी लागली की आतल्या अप्रगत मुलाचे नाव घेणारा नवा शिक्षक हा शाळेचा शत्रू ठरतो. त्याने पाटीचा मान राखावा की मुलाचा?

दिवाळी होते. बीड, पाटोदा, शिरूर कासार, धारूर या भागांतील शाळेत नेमलेल्या नव्या गुरुजींना सुट्टीनंतर वर्ग अर्धा मोकळा दिसतो. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघाले, पोरे बैलगाडीबरोबर गेली. ती आता पाडव्याच्या सुमारास परतावयाची. त्यांसाठी हंगामी वसतिगृहे काढली जातात, ती कोठे चालतात, कोठे नुसती हजेरीपटावर चालतात. तीच पोरे कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिकोडी, अथणीच्या फडांत, कोपीच्या दाराशी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन उभी असलेली दिसतात, आणि त्या बाजूच्या शाळेतील नव्या बाई त्यांच्याकडे पाहून विचारात पडतात की, यांचे नाव माझ्या हजेरीत का नाही? दोन शाळा, दोन हजेरीपट, मध्ये दोनशे-अडीचशे मैलांचे अंतर आणि एक मूल जे दोहोंतही नाही. हे दोन्ही टोकांचे दोन नवे शिक्षक एकमेकांस भेटले तर अर्धा प्रश्न सुटेल. पण त्यांना भेटविण्याची कल्पना कोणत्या खात्याला सुचावी? तेथे तर एका टेबलाचा कागद दुसऱ्या टेबलावर जाण्यास हंगाम उलटतो.

आता भाषेचे. या पृष्ठावर भाषेविषयी आम्ही पुष्कळ लिहीत आलो आहोत, आणि म्हणूनच जे पुढे म्हणावयाचे आहे ते आमच्याच काही वाचकांना रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. सातारा-सोलापूरकडचा तरुण धारणी-चिखलदऱ्यास कोरकू मुलांपुढे, धडगाव-अक्कलकुव्यास भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांपुढे, भामरागड-एटापल्लीस माडिया मुलांपुढे उभा राहतो. त्याच्या हातात मराठी पुस्तक, तोंडात मराठी, आणि समोर तीस जोड डोळे ज्यांस त्यातले अक्षरही कळत नाही. अशाच एका शाळेत वर्ष काढलेल्या तरुण शिक्षिकेने आम्हांस सांगितले की, मुले 'हो बाई' म्हणत तेव्हा आपण पुढे सरकत असू. सहा महिन्यांनी उमगले की, कळले म्हणून ती 'हो' म्हणत नव्हती, बाईंनी आता थांबावे म्हणून म्हणत होती. शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांतून जे हाती लागत नाही ते या एका वाक्यात आहे. खानापूर, बेळगाव, निपाणीकडील मराठी मुलाला त्याच्या मातृभाषेत शिकण्याचा हक्क आहे, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम त्यासाठीच घातले, असे आम्ही कंठरवाने सांगतो. तेथील मराठी शाळेत रुजू झालेल्या नव्या शिक्षकाच्या हाती कानडी परिपत्रके पडतात, ही सीमाभागाची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण मग तोच न्याय कोरकू मुलाला का नाही? जत-अक्कलकोटच्या कन्नड भाषिक मुलाला का नाही? तेथे महाराष्ट्राने कन्नड शाळा चालविल्या आहेत हे भूषणच. त्या शाळांना कन्नड उत्तम जाणणारा शिक्षक मिळालाच पाहिजे, असे म्हणण्याची पहिली जबाबदारी आमची आहे. जो हक्क आपण आपल्या पोरांसाठी मागतो तो दुसऱ्याच्या पोरांना नाकारावयाचा, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही.

हे सारे नवा शिक्षक पाहतो. मग तो बोलत का नाही? कारण तो बोलूच नये अशी त्याची बांधणी केलेली असते.

प्रत्येक राज्याने नव्या शिक्षकास अर्धपोटी ठेवण्याची युक्ती काढली, आणि त्या युक्तीला गोंडस नाव दिले. महाराष्ट्राने त्याला 'शिक्षणसेवक' म्हटले. गुजरातने 'विद्यासहायक' म्हटले. मध्य प्रदेशाने आधी 'शिक्षाकर्मी' आणि मग थेट 'गुरुजी'च म्हटले. आंध्रात तो 'विद्या वालंटियर' झाला. कर्नाटकात तो 'अतिथी शिक्षक' आहे. अतिथी खरा, पण वर्ष संपताच पाटावरून उठवावयाचा आणि पुढच्या जूनमध्ये आमंत्रण येईल की नाही याची वाट पाहत दारात बसवावयाचा! वस्तीशाळांतील शिक्षकांना महाराष्ट्रात 'निमशिक्षक' म्हणत. निदान त्या नावात प्रामाणिकपणा होता. सेवक, सहायक, कर्मी, अतिथी, स्वयंसेवक, सारे काही. शिक्षक तेवढा नाही. त्याची भरती ज्या संगणकीय दालनातून होते त्याचे नाव महाराष्ट्र सरकारने 'पवित्र' ठेवले आहे. पावित्र्य आहे, पगार नाही.

महाराष्ट्रातील शिक्षणसेवकाने तीन वर्षे मानधनावर काढावयाची असतात. प्राथमिक शाळेत हे मानधन कित्येक वर्षे दरमहा ६,००० रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० करण्यात आले, माध्यमिकचे १८,००० आणि उच्च माध्यमिकचे २०,००० झाले. त्याच प्राथमिक शाळेतील, तेच काम करणाऱ्या कायम शिक्षकाचे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आरंभीचे मूळ वेतनच २९,२०० आहे, भत्ते वेगळे. पाच इयत्ता निम्म्या दामात! महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात, खेड्यांतील प्राथमिक शिक्षक शिकविण्याच्या कलेत तयार झालेला असावा आणि त्याला दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन देऊ नये, मोठ्या गावी तर पंधरा-वीस द्यावे, अशी मागणी केली होती. गोऱ्या सरकारपुढे एका माळ्याच्या मुलाने शिक्षकासाठी किमान वेतन मागितले त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होतील. आणि आमचे स्वकीय राज्यकर्ते अजून 'मानधन' या शब्दाशी खेळत आहेत. विनाअनुदानित शाळांची कथा तर सांगूच नये. तेथे ऐन उमेदीची दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे बिनपगारी शिकविणारे शिक्षक या महाराष्ट्राने पाहिले; 'कायम विनाअनुदानित' यातील 'कायम' हा शब्द पुसण्यासच २००९ साल उजाडावे लागले.

परंतु पैशापेक्षाही जहरी गोष्ट दुसरी आहे. तीन वर्षांची सेवा समाधानकारक झाली तरच तो कायम व्हावयाचा. समाधान कोणाचे? ज्यांच्या शाळेचे दोष त्याने पाहिले त्यांचेच! खोटी हजेरी त्याने पाहिली, वाचता न येणाऱ्या मुलास मिळालेली 'अ' श्रेणी त्याने पाहिली, आणि त्याच्या सेवापुस्तकावर अनुकूल शेरा मारण्याचा अधिकार ते सारे चालू देणाऱ्यांकडे. अशा स्थितीत तो तोंड उघडील ही अपेक्षा कोणत्या शहाण्याने करावी? पहिल्या वर्षी तो पाहतो. दुसऱ्या वर्षी तो पाहिलेले विसरावयास शिकतो. तिसऱ्या वर्षी तो कायम होतो, आणि चौथ्या वर्षी शाळेत आलेल्या नव्या पोराला तोच सांगतो, 'हे तुम्हांला आज कळले?'

येथे आमचे काही बुजुर्ग वाचक रागावून म्हणतील की, आमच्या वेळी व्हर्नाक्युलर फायनल झालेला मास्तर चार वर्ग सांभाळी, कोणाकडे रडगाणे गात नसे, आणि आमचे पाढे आजही पक्के आहेत. पाढे पक्के असतील, त्याबद्दल अभिनंदन. पण त्या काळचीच एक गोष्ट ते विसरतात. जुन्या मुंबई इलाख्यात पुष्कळ मास्तर आधी शाळेत लागत आणि काही वर्षे वर्गाचा मार खाऊन मग ट्रेनिंग कॉलेजात जात. म्हणजे ते तेथे प्रश्न घेऊन जात. आज उत्तरे आधी पाजली जातात आणि प्रश्न जन्मभर पुढे उभे राहतात. त्यांना घेऊन परत जावयास जागा नाही. शिवाय, त्या मास्तराच्या शाळेतून किती पोरे दुसरीतच गळाली, महारवाड्यातील किती दाराबाहेर बसली आणि मुली किती आल्या, हेही पाढ्यांबरोबर आठवावे.

दुसरे असतात ते ५ सप्टेंबरचे वक्ते. ते म्हणतात, पगार-बिगार काय घेऊन बसलात, साने गुरुजी व्हा! साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडून बाहेर पडले. ज्या माणसाला अवघा महाराष्ट्र 'गुरुजी' म्हणतो तो शाळेत उणीपुरी सहा वर्षे होता. अन्याय दिसला तेव्हा तो टाचणे काढीत बसला नाही. तेव्हा साने गुरुजी व्हा असे नव्या शिक्षकास सांगणाऱ्यांनी आपण काय मागतो आहोत याचा विचार करावा. त्याने ते खरोखरच मनावर घेतले तर व्यासपीठावरच्या किती खुर्च्या शाबूत राहतील?

आणि कोणी असेही म्हणेल की नव्याचे ऐकून काय होणार, त्याला काय कळते? त्याचे उत्तर गिजुभाई बधेका यांनी देऊन ठेवले आहे. वकिली सोडून ते मुलांच्या शिक्षणाकडे वळले, १९२० मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर काढले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील नवा शिक्षक मोठ्या उत्साहाने वर्गात जातो, शांततेचा खेळ घेऊ पाहतो, आणि मुले असा काही कल्लोळ करतात की पहिल्या दिवशी वर्ग सोडून देण्याची पाळी त्याच्यावर येते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग जागच्या जागी बसतो. गोष्ट काल्पनिक, पण तिचे मर्म असे की त्या शिक्षकास मोकळीक देणारा एक अधिकारी कथेत आहे. फजितीनंतर त्याला नोटीस जात नाही, वेळ मिळतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीस काम सुरू केले, अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. वाड्या-पाड्यांवरची मुले बालवाडीत येत ना. खात्यातील बाई असत्या तर त्यांनी 'पालकांत जागृती नाही' असा शेरा मारून वही मिटली असती. या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर जो शब्द सरकारी कागदांवर मिरवतो, तो 'अंगणवाडी' हा शब्द त्या अनुभवातून आला. 'मुले येत नाहीत' हा अनुभव त्यांनी मुलांच्या खात्यावर मांडला नाही, स्वतःच्या पद्धतीच्या खात्यावर मांडला. आमच्या आजच्या शाळाखात्याला नेमके हेच जमत नाही.

डॉक्टरकीची परीक्षा उतरलेल्या मुलास कोणी दुसऱ्या दिवशी एकटे शस्त्रक्रियेस उभे करीत नाही. वकील थोर वकिलाच्या हाताखाली राहतो. गवंड्याचा पोरगा आधी कालवलेला चुना पोचवितो, मग थापी धरतो. आपल्या भाषेत याला 'उमेदवारी' म्हणतात, आणि उमेदवारीला कोणीतरी उस्ताद लागतो. शिक्षकाची उमेदवारी तेवढी उस्तादाविना, आणि तीही सर्वांत दूरच्या, सर्वांत मोडक्या, ज्येष्ठांनी बदल्या करून घेऊन रिकाम्या केलेल्या शाळेत! जपानने १९८९ पासून नव्या शिक्षकाच्या पहिल्या वर्षासाठी अनुभवी शिक्षकाचे मार्गदर्शन बंधनकारक केले. इंग्लंडात २०२१ पासून दोन वर्षे असा आधार दिला जातो आणि पहिल्या वर्षी त्याच्या तासिका दहा टक्क्यांनी कमी करतात. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मार्गदर्शकांची राष्ट्रीय मोहीम आणि वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण यांचा उच्चार केला आहे. पन्नास तास बोलणार कोण? तज्ज्ञ बोलणार, शिक्षक ऐकणार, चहा होणार, सही होणार. त्या पन्नासांतील दहा तास नव्या शिक्षकांनी बोलावे आणि तज्ज्ञांनी वही घेऊन ऐकावे, एवढे जरी कोणी केले तरी आम्ही त्या खात्याचे जाहीर आभार मानू.

आमच्या मागण्या फार नाहीत. पहिल्या वर्षाच्या शिक्षकास एकशिक्षकी किंवा पाच इयत्तांच्या शाळेत एकटे टाकू नये. निम्म्या पगाराची तीन वर्षे रद्द करावी. काम पुरे तर दाम पुरा. पाड्यावर किंवा सीमेवर नेमणूक करावयाची तर मुलांची बोली शिकण्यास त्याला सवेतन अवधी द्यावा आणि ती शिकविणारा त्या गावचाच कोणी माणूस मानाने नेमावा. कायम करण्याचा शेरा ज्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली त्याने काम केले त्याच्या एकट्याच्या हाती ठेवू नये. आणि पहिले वर्ष संपताना प्रत्येक नव्या शिक्षकाने जे पाहिले ते लिहून द्यावे. ते लिखाण वरिष्ठांच्या नजरेखालून 'दुरुस्त' होऊन न जाता थेट जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपुढे वाचले जावे, त्याच्या नावावाचून वाचले जावे.

सरकार हे उद्या करील अशी आमची समजूत नाही. परंतु शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावेत असे म्हटले आहे. वाचकांपैकी अनेक जण तिचे सदस्य असतील. सभेला जाऊन सही करून येत असतील. त्यांनी पुढच्या सभेत एक ठराव मांडावा. गावच्या शाळेत या वर्षी जे कोणी नवे बाई किंवा सर आले असतील त्यांना अर्धा तास बोलू द्यावे, मध्ये कोणी तोंड घालू नये. आणि तो अर्धा तास मुख्याध्यापक व समितीचे अध्यक्ष या दोघांनी बाहेर पडवीत बसून पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजावीत.